कोलार गोल्ड फील्ड्स (केजीएफ)

कर्नाटकाच्या कोलार जिल्ह्यातील, एके काळी सोन्याच्या खाणींवर वसलेले आणि त्यांच्यावरच पोसलेले शहर. ते बंगळूरच्या पूर्वेस सुमारे 100 किमीवर आहे. 1880 च्या दशकापासून 28 फेब्रुवारी 2001 पर्यंत येथून अंदाजे 800 टन सोने निघाले. केजीएफची ओळख बहुधा किती सोने निघाले आणि खाण किती खोल गेली या दोन आकड्यांवरच संपते. प्रत्यक्षात हे शहर घडले ते कामगारांच्या वस्त्यांमध्ये, म्हणजे ‘लाईन’मध्ये.

या भागातले गावकरी फार पूर्वीपासून उथळ विहिरी खणून सोने काढत. इंग्रज अधिकारी जॉन वॉरेन याने 1802 मध्ये त्याची पाहणी केली. 1870 च्या दशकात मायकेल लॅव्हेल या आयरिश माणसाने म्हैसूर संस्थानाकडून खाणकामाचा परवाना मिळवला. भांडवलाअभावी त्याला फार पुढे जाता आले नाही. 1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही लंडनची कंपनी उतरली आणि म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम, नंदीदुर्ग या खाणी भरभराटीला आल्या. त्यांच्यासाठी 1902 मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे 150 किमी लांबीच्या तारांवरून वीज आणली गेली. बंगळूरला ती मिळाली 1905 मध्ये. पाणी बेतमंगलच्या तलावातून येई.

शहराचे दोन भाग सरळ दिसत. टेकड्यांवर साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. यामुळेच ‘छोटे इंग्लंड’ हे टोपणनाव पडले. ते नाव त्या बंगल्यांपुरतेच खरे. खाली बांबूच्या तट्ट्यांच्या एकाला एक लागून असलेल्या खोल्या, त्यांत उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतून आलेली कुटुंबे. बहुसंख्य कामगार तमिळ दलित होते. गावात त्यांना जमीन नव्हती, मान नव्हता. खाणीत निदान रोख मजुरी होती. सोबत तेलुगू व कन्नड भाषक, अँग्लो-इंडियन आणि पहाऱ्यासाठी आणलेले पंजाबी असत. पाळी संपवून वर आलेल्या कामगाराची सोने चोरल्याच्या संशयाने अंगझडती घेतली जाई.

या वस्त्यांनी स्वतःचे सार्वजनिक जीवन उभे केले, आणि केजीएफच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. तमिळ दलित विचारवंत अयोत्ती दास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीच्या शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मारिकुप्पम व चॅम्पियन रीफ येथे होत्या. नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी येथील खाणकामगार बुद्धाकडे वळले होते, हे महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाही. 1930 मध्ये कंपनीने नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे मागितले तेव्हा कामगारांनी मोठा संप केला. ठसे घेणे म्हणजे आपल्याला गुन्हेगार ठरवणे, अशी त्यांची भावना होती. मंदिरे, चर्च आणि मशिदी जवळजवळ होत्या. हॉकी-फुटबॉलचे वेड सगळ्यांनाच होते.

चॅम्पियन रीफची खाण 3 किमीहून खोल गेली. पिंजऱ्यात उभे राहून खाली उतरायचे, मग बोगद्यांतून कामाच्या जागेपर्यंत चालायचे. तळाशी खडकाचे तापमान 60 अंशांच्या पुढे असे, म्हणून वरून थंड केलेली हवा सोडावी लागे. वरच्या दाबाने खडक अचानक फुटत. त्यांत माणसे गेली. असा स्फोट झाला की धक्का वरच्या घरांनाही जाणवे, आणि घरातल्या बायकांना कळे की खाली काहीतरी झाले आहे. खडकाच्या धुळीने जडणाऱ्या सिलिकोसिसने फुप्फुसे निकामी होत. याच खोलीचा शास्त्रज्ञांनी वेगळा उपयोग केला: 1965 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, सुमारे 2.3 किमी खाली वातावरणीय न्यूट्रिनोंची, म्हणजे वातावरणात तयार होणाऱ्या आणि खडकातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद केली.

1956 मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, 1962 मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि 1972 मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही कंपनी झाली. दरम्यान अशुद्ध धातूतले सोने घटत गेले. शेवटी टनामागे जेमतेम 3 ग्रॅम सोने मिळे, तर खोलीमुळे खर्च वाढतच होता. अखेर कुलूप लागले. घर, पाणी, वीज, दवाखाना हे सारे खाणीचेच असल्याने कामगारांच्या हातून नोकरीबरोबर तेही निसटले. थकलेल्या देण्यांसाठी आणि राहत्या खोल्यांच्या हक्कासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

सायनाईडने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या मातीचे ढिगारे टेकड्यांएवढे आहेत. वारा सुटला की त्यांची बारीक, फिकट धूळ भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर बसते. पण लोक शहर सोडून गेले नाहीत. मारिकुप्पमहून पहाटे सुटणारी गाडी चॅम्पियन, उरगाम, कोरोमंडल अशी खाणींच्याच नावांची स्थानके घेत बंगारपेटला पोचते आणि पुढे बंगळूरला जाते. खाणकामगारांची मुले-नातवंडे तिने रोज कामाला जातात आणि रात्री लाईनमधल्या त्याच घरांत परततात.