लॅव्हनमची घरं जहाजांच्या लाकडाची नाहीत

इंग्लंडच्या सफोकमधल्या लॅव्हनमसारख्या गावांत जुन्या घरांच्या तुळया दाखवून हमखास सांगतात, ‘हे मोडीत काढलेल्या जहाजांचं लाकूड.’ पुरावा म्हणून दाखवतात रिकाम्या खाचा आणि वाकडे खांब. पण लॅव्हनम समुद्रापासून दूर. १५३० च्या सुमाराचा तिथला गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या एका संघाचं सभागृह, उभा राहिला तो लोकरी कापडाच्या पैशावर. खाचा बहुतेकदा काढून टाकलेल्या भिंतीच्या, खिडकीच्या किंवा आधीच्या घराच्या असतात. जुनं लाकूड पुन्हा वापरणं तेव्हा नित्याचंच होतं. नव्या कामाला मात्र सुतारांना ओकचं नुकतं तोडलेलं, ओलं लाकूड हवं असे, कारण ते तासायला सोपं. वाळताना ते वाकतं. सांध्यांवर कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या खुणा तर या कारागिरांची सहीच: सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग जागेवर उभा करत.