‘ललितेतर’चा घोळ : मागची गोष्ट

समाज, संस्कृती आणि प्रवास यांच्या आज पुस्तकांच्या दुकानात तीन निरनिराळ्या फळ्या असतात. मराठीत हे सगळं सुरुवातीला एकाच फळीवर होतं. १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये शहराचा इतिहास, बाजार, जातीजमाती, सणवार हातात हात घालून येतात. अमेरिका पाहून आलेल्या एका विदुषीने १८८९ साली पुस्तकाचं नाव ठेवलं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आधी लोकस्थिती, मग प्रवास. शिवाय शब्द ‘वृत्त’ आहे, ‘वर्णन’ नाही. वृत्त द्यायचं तर काय पाहिलं ते सांगावं लागतं. वर्णनात कसं वाटलं एवढ्यावरही भागतं.

खरा घोळ ‘ललितेतर’ या शब्दाने केला. इंग्रजीतल्या ‘नॉन-फिक्शन’ला आपण तो सर्रास लावतो, पण दोन्हींची वाटणी वेगळ्या रेषेवर आहे. तिकडचा प्रश्न असा, की मजकूर रचलेला आहे की घडलेला? आपल्याकडचा प्रश्न शैलीचा, लेखन ललित आहे की नाही? त्यामुळे आजोळच्या ओसरीवरचा ललित निबंध शंभर टक्के खरा असला तरी ललितेतर ठरत नाही. चांगल्या प्रवासवर्णनाचंही तेच. आणि ज्याला आपण ‘वैचारिक’ म्हणतो त्याच्यावर तर पहिल्याच नजरेत रुक्षतेचा शिक्का बसतो. ‘वैचारिक आहे हो’ हे वाक्य वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक परत करताना जितकं ऐकू येतं तितकं नेताना येत नाही.

‘माझा प्रवास’चं उदाहरण घ्या. वरसईचे एक भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. ही हकिकत लिहून झाल्यावर छापली गेली १९०७ साली, तीही संपादकाचा हात फिरलेली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत वाचकांना मिळायला १९६६ उजाडलं. हा इतिहास, आत्मचरित्र की प्रवासवर्णन? आमच्या वाचनालयात त्याच्या दोन प्रती आहेत. एकीच्या पाठीवर इतिहासाचा क्रमांक, दुसरीवर ९१०, म्हणजे दशांश वर्गीकरणातला भूगोल-प्रवास. दोन ग्रंथपालांच्या काळात दोन निकाल लागले. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, चूक आहे ती एकच क्रमांक मागणाऱ्या पद्धतीची.

मानमरातबाच्या बाबतीत या लेखनाची तक्रार असू नये. मराठीला मिळालेला पहिलाच साहित्य अकादमी पुरस्कार, १९५५चा, वैदिक संस्कृतीवरच्या ग्रंथाला होता. १९६८चा महाभारताकडे मानवशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणाऱ्या ‘युगान्त’ला मिळाला. तरी सर्वसाधारण वाचक या वाटेला वळला तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७०च्या दशकात, असं मला वाटतं. बिहारच्या दुष्काळात मदतीला गेलेल्या एका तरुण डॉक्टरचं ‘पूर्णिया’ १९६९ साली आलं. प्रवास होता, पण स्थळदर्शन नव्हतं. हा माणूस रस्त्याकडेला बसून समोरच्याला विचारत होता, तुझी मजुरी किती, कर्ज कोणाचं, जमीन कोणाची. पुढे विडी कामगार, हमाल, भटके यांच्यावरचं असंच लेखन साप्ताहिकांतून आणि दिवाळी अंकांतून घरोघरी गेलं. त्याला ‘रिपोर्ताज’ म्हटलं गेलं. म्हणजे पुन्हा उसना शब्द, पण निदान नकारार्थी नाही. १९७८चं ‘बलुतं’ आणि १९८०चं ‘उपरा’ यांनी तर आत्मकथन आणि समाजशास्त्र यांतली भिंतच पाडली. ‘उपरा’तल्या, पालं गाढवावर लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची वाटचाल प्रवासवर्णनाच्या फळीवर का नसावी, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

निव्वळ प्रवासवर्णनाचा उतार वेगळ्या कारणाने झाला. परकीय चलन दुर्मीळ होतं तेव्हा परदेशाचं पुस्तक हाच अनेकांचा परदेश होता. १९९१नंतर हळूहळू वाचक स्वतःच सहलीच्या बसमधून युरोपात उतरू लागला. विमानतळ, थंडी, शाकाहारी जेवणाची शोधाशोध या प्रकरणांत त्याला नवं काही उरलं नाही. मग पुस्तकं एकेका शहरावर, एकेका नदीवर, एकेका पायवाटेवर येऊन थांबली. नर्मदा परिक्रमेच्या अनुभवांचा तर स्वतंत्र ओघच सुरू झाला, आणि वाचनालयांनी तो ‘अध्यात्म’मध्ये लावून टाकला.

दुकानांनी अलीकडे हा तिढा आपल्यापुरता सोडवलाय. फळीवर देवनागरीत सरळ ‘नॉन-फिक्शन’ लिहिलेलं असतं. त्या फळीवर बहुतेक यशस्वी कसं व्हावं याची भाषांतरं दिसतात. खेड्यातल्या समाजव्यवस्थेवरचं जुनं ‘गावगाडा’ पाहिजे म्हटलं की विक्रेता संगणकात बघतो आणि आतून घेऊन येतो.