मीटरवरची वीज आणि न झालेले उत्सर्जन

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांनी तयार केलेली वीज एकदा ग्रिडमध्ये शिरली, की ती कोळशाच्या विजेपासून वेगळी ओळखता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही हरित वीज वापरतो’ हे सांगण्याचा हक्क विजेपासून सोडवून घेऊन त्याची स्वतंत्रपणे खरेदी-विक्री करता येते. नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजेच आरईसी, हा तो हक्क होय. एक मेगावॅट-तास, म्हणजे 1,000 युनिट वीज ग्रिडला दिली की एक प्रमाणपत्र मिळते. मूळ योजनेनुसार उत्पादकाने वीज स्थानिक वितरण कंपनीला तिच्या सरासरी वीजखरेदी खर्चाइतक्या साध्या दराने विकायची आणि प्रमाणपत्र वीज बाजारात विकून वरचा मोबदला मिळवायचा, अशी विभागणी होती.

हे प्रमाणपत्र कोणी विकत का घ्यावे? वीज कायदा 2003 च्या कलम 86(1)(ई) नुसार राज्य वीज नियामक आयोग वितरण कंपन्यांना एकूण विजेतील ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे बंधन घालतात. स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणारे उद्योग आणि ओपन ॲक्सेसने, म्हणजे स्थानिक वितरण कंपनीला वगळून थेट दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेणारे ग्राहकही त्यात येतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे बंधन वैध ठरवले. ज्या राज्यात वारा किंवा ऊन कमी, तेथील कंपनीने दुसऱ्या राज्यातील प्रमाणपत्रे घेऊन आपला हिस्सा भरून काढावा, अशी ही व्यवस्था आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये तिचे नियम केले आणि 2011 मध्ये व्यवहार सुरू झाले. वीज बाजारात खरेदीदार व विक्रेते एकमेकांना न दिसणाऱ्या बोली लावतात आणि मागणी व पुरवठा जेथे जुळतात, तो एकच दर सर्वांना लागू होतो.

कागदावर निर्दोष असलेली ही रचना व्यवहारात बराच काळ अडखळत राहिली. कर्जाच्या ओझ्याखालील वितरण कंपन्यांनी आपला हिस्सा पूर्ण केला नाही, अनेक राज्यांच्या आयोगांनी थकबाकी पुढच्या वर्षांत ढकलू दिली, आणि विक्रीविना पडून राहिलेल्या प्रमाणपत्रांचा ढीग वाढत गेला. सुरुवातीला 365 दिवसांची असलेली त्यांची वैधता आधी 730 आणि मग 1,095 दिवसांपर्यंत वाढवावी लागली. सौर प्रमाणपत्राची किमान किंमत आरंभी 12,000 रुपये होती. सौर वीज स्वस्त होत गेली तशी ती 2012 मध्ये 9,300, 2015 मध्ये 3,500 आणि 2017 मध्ये 1,000 रुपयांवर आली. 2020 मध्ये ती शून्यावर आणण्याच्या आदेशावरून वाद न्यायाधिकरणात गेला आणि जुलै 2020 पासून नोव्हेंबर 2021 पर्यंत बाजारच बंद राहिला. सक्तीतून जन्मलेल्या वस्तूची किंमत सक्ती करणाऱ्याच्या निर्धाराइतकीच असते, हे या बाजाराने फार महागात शिकवले. 2022 च्या नियमावलीने किमतीच्या किमान व कमाल मर्यादा काढून टाकल्या, वैधतेची मुदत रद्द केली आणि नव्या प्रकल्पांसाठी तंत्रज्ञानानुसार गुणक, म्हणजे हजार युनिटमागे किती प्रमाणपत्रे द्यायची याचे आकडे, आणले. पवन व सौर विजेसाठी तो एक आहे, तर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या सहवीजनिर्मितीसाठी दोन. आपल्या साखरपट्ट्याला हे सोयीचे असले, तरी ‘एक प्रमाणपत्र म्हणजे हजार युनिट’ हा सरळ हिशेब त्यामुळे बिघडला.

कार्बन क्रेडिटची अडचण वेगळी आणि अधिक खोल आहे. आरईसी मीटरवर मोजता येते. क्रेडिट मात्र न झालेल्या उत्सर्जनाचे असते. प्रकल्प उभा राहिला नसता तर किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता, हे आधी गृहीत धरायचे, त्यातून प्रत्यक्ष उत्सर्जन वजा करायचे आणि उरलेल्या प्रत्येक टनाला एक क्रेडिट द्यायचे. भारतीय ग्रिडवर एक मेगावॅट-तास विजेमागे सुमारे 0.7 टन उत्सर्जन होते, त्यामुळे पवनचक्कीचा हिशेब सोपा वाटतो. पण क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तरी ती उभी राहिलीच असती, तर त्या क्रेडिटमुळे वातावरणाचा काहीच फायदा झालेला नसतो. क्योटो या हवामान करारातून आलेल्या, विकसनशील देशांतील प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांना विकत घेऊ देणाऱ्या स्वच्छ विकास यंत्रणेत याचे टोकाचे उदाहरण दिसले. शीतकरणाचा एक वायू बनवताना उपउत्पादन म्हणून निघणाऱ्या एचएफसी-23 चा एक टन नष्ट केल्यास 11,700 क्रेडिट मिळत. नष्ट करण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ होता, म्हणून क्रेडिटसाठीच उत्पादन वाढवण्याचा मोह चीन व भारतातील कारखान्यांपुढे निर्माण झाला. 2013 पासून युरोपने आपल्या कार्बन बाजारात अशी क्रेडिट स्वीकारणे बंद केले. त्याआधीच, 2008 मध्ये 20 युरोंच्या वर गेलेला या यंत्रणेतील क्रेडिटचा दर 2012 च्या अखेरीस एका युरोच्याही खाली घसरला होता.

भारताने 2023 मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना ही पायवाट काही प्रमाणात टाळते. ॲल्युमिनियम, सिमेंट, पोलाद, कागद अशा क्षेत्रांतील कारखान्यांना कल्पित परिस्थितीऐवजी त्यांच्याच 2023-24 च्या नोंदींशी तुलना करून उद्दिष्ट दिले जाते. प्रति टन उत्पादनामागील उत्सर्जन उद्दिष्टापेक्षा कमी झाले की प्रमाणपत्रे मिळतात; जास्त झाले की ती विकत घ्यावी लागतात. न घेतल्यास सरासरी बाजारभावाच्या दुप्पट पर्यावरणीय भरपाई भरावी लागते, आणि आरईसीच्या इतिहासाकडे पाहता मला ही तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. मात्र मर्यादा एकूण उत्सर्जनावर नसून तीव्रतेवर, म्हणजे प्रति टन उत्पादनामागील उत्सर्जनावर आहे: प्रति टन उत्सर्जन पाच टक्क्यांनी घटवून उत्पादन वीस टक्क्यांनी वाढवणारा सिमेंट कारखाना उद्दिष्ट गाठू शकतो, पण त्याच्या धुराड्यातून आधीपेक्षा सुमारे चौदा टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो.