मांदेलीच्या घराण्याचे डोळे

गेल्या महिन्यात अलिबागला आत्याकडे जेवायला होतो. ताटात कडक तळलेली मांदेली. शेजारी माझी नऊ वर्षांची भाची, तिला नुकताच चष्मा लागलेला. ती प्रत्येक मांदेलीचं डोकं मोडून ताटाच्या कडेला रचत होती. आत्याने ते पाहिलं. "डोकी टाकू नकोस गं. माशाचे डोळे खाल्ले की चष्मा जातो."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा वेळी घरातले सगळे माझ्याकडे पाहतात, आणि मी तोंड उघडलं की जेवण लांबतं.

चष्मा जात नाही. लहान वयात लांबचं अंधुक दिसायला लागतं ते बहुधा नेत्रगोल पुढून मागे थोडा जास्त वाढल्यामुळे. प्रतिमा पडद्यावर पडायची ती पडद्याच्या अलीकडेच पडते. मांदेलीची कितीही डोकी चघळली तरी वाढलेला नेत्रगोल आखडत नाही. 'नंबर उतरवा' म्हणून माशाच्या तेलाच्या गोळ्या विकणारे निदान सुशिक्षित म्हणवतात. आत्या तेवढंच फुकटात सांगत होती, त्यामुळे तिच्यावर रागवायचं कारण नव्हतं.

शिवाय आत्याचं बोलणं साफ मोडीत काढण्यासारखंही नाही. बांगलादेशात मोला नावाचा बोटाएवढा मासा डोक्या-पोटासकट खातात. त्यातलं जीवनसत्त्व अ मोजलं तेव्हा त्याचा मोठा वाटा डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत सापडला. डोकं कापून पोट साफ केलं की नेमकं तेच कचऱ्यात जातं. ज्या मुलांना या जीवनसत्त्वाची कमतरता असते त्यांना संध्याकाळनंतर दिसेनासं होतं, रातांधळेपणा येतो. अशा मुलासाठी 'डोळे टाकू नकोस' हा सल्ला अगदी रास्त आहे. भाचीला त्याचा उपयोग नाही, एवढंच.

डोळ्यात हे जीवनसत्त्व कशाला लागतं? त्यापासून रेटिनाल नावाचा रेणू बनतो आणि प्रकाश टिपण्याचं मूळ काम तोच करतो. माशाचा डोळा असो, बैलाचा असो की आपला, प्रकाशाची पहिली ठेच रेटिनालला लागते. आणि या रेटिनालशी मांदेलीच्या घराण्यातल्या काही माशांनी जे केलंय ते पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात आढळलेलं नाही. जेवता जेवता हे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी घराणं. इंग्रजीत ज्यांना अँकोव्ही म्हणतात ते हे मासे. पिझ्झावर खारवलेला येतो तो युरोपातला, केरळी हॉटेलात नत्तोली म्हणून येतो तो आपल्या समुद्रातला, आणि पेरूच्या किनाऱ्यावरचा तर जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक चालवतो. त्यातला बहुतेक माल माणसाच्या ताटात न येता पाळलेले मासे, कोळंबी, कोंबड्या यांच्या खाद्यात जातो. आपली मांदेली यांच्यातलीच, शास्त्रीय नाव कॉइलिया डुसुमिएरी. मुंबई-रायगड-पालघरच्या खाड्यांच्या तोंडाशी आणि उथळ किनाऱ्यालगत ती राहते. भरती-ओहोटीच्या ओढीवर खुंटांना बांधलेलं डोल जाळं फुगतं, आणि त्यात बोंबील, जवळा आणि मांदेली एकत्रच येतात. उधाणाला ओढ जोराची, म्हणून जाळं भरतं. भांगाला, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, पाणी मंदावतं आणि डोलकर जाळी दुरुस्त करत बसतात.

ओळखायची असेल तर वाट्यातली एक मांदेली उचलून तळहातावर घ्या. शेपूट उंदरासारखी निमुळती. छातीच्या पराचे वरचे काही किरण धाग्यांसारखे लांब सुटलेले. थुतरी पुढे आलेली, तिच्या खाली तोंड, आणि जबड्याची चीर डोळ्याच्याही बरीच मागे गेलेली, म्हणजे तोंड उघडलं की अर्धं डोकं उघडतं. डोळा मोठा आणि अगदी पुढे, थुतरीला टेकलेला. पोटाच्या बाजूने सोनेरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात, ते प्रकाश देणारे अवयव. खाडीच्या गढूळ पाण्यात राहणारा मासा पोटाला दिवे लावून फिरतो, हा एक वेगळा लेख होईल. आज डोळा.

मासे हातात धरले की बोटांना चंदेरी वर्ख लागतो. तो ग्वानीनचा. आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी' म्हणजे हाच पदार्थ. माशांनी त्याचे चपटे स्फटिक करून कातडीत थरांवर थर रचले आणि आरसा बनवला. नकली मोत्यांना लकाकी आणायला हाच वर्ख वापरत. पाण्यात तो लपायला कामी येतो: चहूबाजूंनी सारखाच उजेड असेल तर त्यात धरलेला आरसा दिसत नाही.

पण आरशाला एक खोड असते. तिरक्या कोनात परतवलेला प्रकाश तो ध्रुवित करतो. म्हणजे काय? प्रकाशाची लहर ज्या दिशेने जाते तिच्याशी काटकोनात कंप पावते. साध्या उन्हात हे कंप वर-खाली, डावी-उजवीकडे, तिरके असे सगळ्या दिशांचे मिसळलेले असतात. त्यातल्या एका दिशेचे जास्त उरले की प्रकाश ध्रुवित झाला. पोलरॉइड गॉगल घालून खाडीच्या पुलावरून खाली पाहिलं की पाण्यावरची झळाळी गायब होते, ती याचमुळे: ती झळाळी आडव्या कंपाची असते आणि गॉगल फक्त उभा कंप आत सोडतो. पाण्याखाली तर हा प्रकार सगळीकडे आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना पाण्यात समोर पाहिलं, तर तिथून येणारा विखुरलेला उजेड बऱ्यापैकी आडवा ध्रुवित असतो.

आपल्याला यातलं जवळजवळ काही दिसत नाही. का नाही, ते समजलं की अँकोव्हीची करामत आपोआप समजते.

दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या शंकू पेशी असतात. त्यांचं प्रकाश टिपणारं टोक म्हणजे पोळ्यांची उंच चवड समजा: एकावर एक शेकडो पातळ पदर. पदरांत रेटिनाल बसलेलं असतं. हा रेणू लांबट, जिऱ्याच्या दाण्यासारखा. पोळीत लाटलेलं जिरं जसं पोळीच्या पातळीतच आडवं राहतं, पण दाण्यांची तोंडं वाटेल त्या दिशेला असतात, तसंच इथे. आता रेटिनालची अट अशी की लहरीचा कंप दाण्याच्या लांबीच्या दिशेत असेल तरच तो ती चांगली टिपतो. काटकोनात असेल तर लहर निसटते. प्रकाश या चवडीवर वरून पडतो. त्याचा कंप पूर्व-पश्चिम असो की दक्षिणोत्तर, त्या दिशेला तोंड करून पडलेले दाणे प्रत्येक पोळीत मिळतातच. म्हणून सगळे कंप सारखेच टिपले जातात आणि दिशेची बातमी तिथेच विरते. माणूस, कुत्रा, घार, बेडूक, सगळ्यांच्या पोळ्या अशाच आडव्या.

अँकोव्हीने चवड कुशीवर टाकली.

स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ताटं उभी लावतात, तशा पोळ्या उभ्या करा आणि सगळ्या पूर्व-पश्चिम धावतील अशा लावा. प्रकाश अजून वरूनच येतोय, पण आता तो पोळ्यांच्या कडांवर पडतो. दाणे पोळीच्या पातळीतच आहेत, म्हणजे काही पूर्व-पश्चिम आडवे, काही थेट वर-खाली उभे, बाकीचे मधल्या कलाचे. दक्षिणोत्तर एकही नाही. वरून येणाऱ्या लहरीचा कंप वर-खाली कधीच नसतो, तेव्हा उभे दाणे बिनकामाचे. पूर्व-पश्चिम कंप आला तर टिपला जातो, दक्षिणोत्तर आला तर तसाच पार होतो. नवा रेणू नाही, नवं रसायन नाही. फक्त पदर ९० अंशांनी फिरवले आणि पेशीचा पोलरॉइड झाला.

एवढ्याने काम भागत नाही, कारण एकटी पेशी घोटाळा करते. तिच्याकडून क्षीण संदेश आला तर उजेड कमी आहे की कंप नको त्या दिशेचा आहे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून पेशींच्या जोड्या आहेत. एक लांब शंकू, शेजारी एक आखूड, टोकाशी दुभंगलेला शंकू. एकाचे पदर दुसऱ्याच्या पदरांशी काटकोनात. अशा रांगाच रांगा, आणि रांगांच्या मधे ग्वानीनचे आरसे, कातडीतलाच माल.

(त्रिकोणमिती नको असलेल्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. कंप पहिल्या पेशीच्या पदरांशी θ कोन करत असेल तर ती टिपते तो प्रकाश cos²θ च्या प्रमाणात, आणि काटकोनातली दुसरी टिपते sin²θ च्या प्रमाणात. बेरीज नेहमी एक, म्हणजे बेरजेतून नुसता उजेड किती ते कळतं. वजाबाकी cos२θ, तिच्यात दिशा दडलेली. एकाच जोडीतून दोन स्वतंत्र बातम्या! एक उणीव राहते: डावीकडे ४५ अंश आणि उजवीकडे ४५ अंश या हिशेबात सारखेच येतात. मान कलती केली तर फरक कळेल, पण माशाला मान नसते. त्याला अख्खं अंगच कलतं करावं लागेल.)

हे उभे पदर फिनेरन आणि निकोल या संशोधकांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्णिले, ते अमेरिकेच्या खाड्यांमधल्या बे अँकोव्हीच्या आणि तिच्या एका बहिणीच्या डोळ्यांत. बे अँकोव्ही म्हणजे बोटभर लांबीचा, चेसापीक उपसागरासारख्या नदीमुखांत अमाप संख्येने राहणारा, तिथल्या मोठ्या माशांचं रोजचं जेवण असलेला मासा. आपल्याकडे मांदेलीचं जे स्थान तेच त्याचं तिकडे. पुढे कॅनडातले नोवालेस फ्लामारिक यांनी या पेशी प्रकाश दिशेनुसार कमीजास्त टिपतात हे मोजलं, आणि ध्रुवित प्रकाशातला फरक हे मासे वागण्यातूनही ओळखतात हे दाखवलं. जपानी अँकोव्हीत ही काटकोनी जोडणी दृष्टिपटलाच्या खालच्या-मागच्या भागात मिळाली. डोळ्याच्या भिंगातून चित्र उलटं पडतं, तेव्हा तो भाग पाहतो समोर आणि वर. जिथून भक्ष्य येतं तिथेच. मांदेली या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतली आहे, म्हणून हे वर्णन जसंच्या तसं तिच्या डोळ्याला चिकटवू नये. पुढे आत्याला सांगतानाही मी हा फरक सांगितला होता, तिने तो ऐकून घेतला.

आता हा खटाटोप कशासाठी? या माशांचं खाणं म्हणजे प्लवकातले, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव: कोपेपॉड नावाचे इवले कवचधारी, कोळंबीची पिल्लं. आपल्याकडे मांदेलीला जवळा प्रिय. हे सगळे जीव काचेसारखे आरपार, तेच त्यांचं लपणं. पण आरपार असलं तरी स्नायू आणि कवच यांतून जाताना ध्रुवित प्रकाशाचा कंप वळतो. मागच्या पाण्याचा उजेड आडव्या कंपाचा आणि मधेच एक ठिपका वेगळ्या कंपाचा, असं चित्र तयार होतं. साध्या डोळ्याला तिथे नुसतं पाणी दिसतं. माकुळाच्या (स्क्विडच्या) डोळ्यालाही ध्रुवित प्रकाश कळतो, आणि आरपार भक्ष्य त्याला या नजरेने जास्त लांबून सापडतं हे १९९८ साली प्रयोगाने दिसलं आहे. माकूळ किंवा मधमाशी यांच्या प्रकाशपेशींची घडणच वेगळी, त्यांना ही नजर सहज मिळते. कणा असलेल्या प्राण्यांच्या वाट्याला चवड आली, आणि ती कुशीवर टाकायचं एका घराण्याला जमलं.

बांगडा-तारली खाणाऱ्यांसाठी जाता जाता एक गंमत. आरशाची ती खोड आठवा, तिरका परतलेला प्रकाश ध्रुवित होण्याची. त्यामुळे चंदेरी मासा ध्रुवित नजरेच्या शिकाऱ्याला उघडा पडायला हवा. अँकोव्हीच्या नात्यातल्या हेरिंग आणि युरोपीय सार्डिन यांची कातडी ब्रिस्टल विद्यापीठात तपासली, त्याचा निष्कर्ष २०१२ साली आला: त्यांच्या कातडीत ग्वानीनचे स्फटिक दोन तऱ्हांचे असतात, आणि दोघांचं मिश्रण असं जमतं की परतलेला प्रकाश ध्रुवित होतच नाही. तारली ही सार्डिनची आपल्याकडची बहीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आणलेल्या वाट्यात मांदेलीबरोबर ताजा जवळाही होता. मी भाचीला बोलावलं. एलसीडी पडद्याचा जुना लॅपटॉप, पडद्यावर कोरं पांढरं पान. अशा पडद्यातून येणारा उजेड ध्रुवितच असतो. पातळ काचेच्या पेल्यात खारं पाणी आणि त्यात दोन-तीन जवळे टाकून पेला पडद्यासमोर ठेवला. जवळ्याचे काळे डोळे तेवढे दिसत होते, बाकी पाणीच. मग तिच्या चष्म्यावर माझा पोलरॉइड गॉगल लावला आणि डोकं हळूहळू कलतं करायला सांगितलं. एका कोनात पडदा काळा ठिक्कर पडला.

"मामा, सगळं बंद पडलं."

"पेल्यात बघ."

काळ्या पाण्यात जवळ्याचं अंग दुधी पांढरं उजळलं होतं, स्नायूंचे पट्टेन् पट्टे मोजता येतील असं. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी मधे धरली तर तिच्यात इंद्रधनुष्यासारखे रंग उमटले, ते तिला जवळ्याहून जास्त आवडले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्या माशांना पाणी असं काळं दिसतं?" तसं नाही, ते एका कंपाला अडवून ठेवत नाहीत, दोन्ही टिपतात आणि ताडून पाहतात, असं मी सांगायला लागलो. ती डोकं सरळ-कलतं करत राहिली. पडदा उजळायचा, जवळा नाहीसा. पडदा काळा, जवळा हजर.

आत्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "झालं असेल तर ते तीन जवळे इकडे दे. कालवणाला आधीच कमी पडलाय."