नळी-बदल रायफलीची अचूकता चाचणी

ज्या रायफलीची नळी साध्या अवजाराने काढून जागेवर दुसरी बसवता येते, तिच्या गोळ्या किती दाटीने पडतात आणि नळी काढून पुन्हा बसवल्यावर त्या पूर्वीच्याच ठिकाणी पडतात का, हे तपासण्याची पद्धत. नेहमीच्या रायफलीत नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या मुख्य सांगाड्यात, कायमची आवळलेली असते आणि झिजेपर्यंत कोणी तिला हात लावत नाही, त्यामुळे तिथे पहिल्या प्रश्नावर काम भागते. नळी सुटी झाली की दुसरा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक चाचण्या तिथेच कमी पडतात. नळी बसवून पाच गोळ्यांचा एक देखणा गट (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) मारायचा आणि ‘रायफल शून्यावर परतते’, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीची जागा यांचा आधी जुळवलेला मेळ टिकतो, असे जाहीर करायचे, ही पद्धत फार रूढ आहे. त्या एका गटातून परतण्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

रचना

जर्मन ब्लेझर कंपनीची १९९३ची आर९३ आणि २००८ची आर८ या शिकारी रायफली, तसेच अॅक्युरसी इंटरनॅशनलची एएक्सएमसी, साकोची टीआरजी एम१०, डेझर्ट टेकची एसआरएस आणि बॅरेटची एमआरएडी या लांब पल्ल्याच्या रायफली ही या प्रकाराची परिचित उदाहरणे. अमेरिकेच्या विशेष कारवाई कमांडने २०१३ साली रेमिंग्टनची एमएसआर आणि २०१९ साली एमआरएडी निवडली. एमआरएडीसाठी ७.६२ नाटो, .३०० नॉर्मा मॅग्नम आणि .३३८ नॉर्मा मॅग्नम अशा तीन काडतुसांच्या नळ्या ठरवण्यात आल्या. एकाच दस्त्यावर, एकाच चापावर आणि शक्यतो एकाच दुर्बिणीखाली सराव लहान काडतुसाने करावा, लांबचे काम मोठ्याने करावे आणि झिजलेली नळी कारागिराकडे न पाठवता बदलावी, हा या रचनेचा हेतू.

नळी बदलताना काडतुसाच्या बुडाचा व्यास बदलला तर बोल्टचे, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणाऱ्या दांड्याचे, डोके किंवा अख्खा बोल्टही बदलावा लागतो. .३०८ विंचेस्टरचे बूड सुमारे १२ मिलीमीटर, .३०० विंचेस्टर मॅग्नमचे १३.५ आणि .३३८ लापुआ मॅग्नमचे १४.९ मिलीमीटर असते. बोल्टचे दात थेट नळीच्या मागच्या भागात अडकत असतील, तर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि बोल्टमधले अंतर बऱ्याच अंशी नळीबरोबरच ठरून येते. ते रिसीव्हरमध्ये अडकत असतील, तर नळी किती खोल बसली यावर ते अवलंबून राहते. नवी नळी प्रथम बसवल्यावर हे अंतर ‘गो’ (पुरेसे आहे का) आणि ‘नो-गो’ (जास्त तर नाही ना) मापकांनी तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. चाचणीच्या टेबलावर बसवलेल्या नळीचीच काडतुसे असावीत. नळ्या बदलत असताना दोन जातींची काडतुसे शेजारी ठेवणे धोक्याचे आहे आणि या नियमाला अपवाद नाही.

नळीची बैठक किती नाजूक काम करते, हे एका हिशेबावरून कळते. बैठक ५० मिलीमीटर लांब आहे आणि तिच्या एका टोकाला ५ मायक्रॉनचा फरक पडला असे धरा. नळीची दिशा ०.१ मिलिरेडियनने फिरते आणि १०० मीटरवर गोळी १० मिलीमीटर सरकते. माणसाचा केस या फरकाच्या दहापट किंवा त्याहूनही जाड असतो. न जळालेल्या दारूचा कण, तेलाचा थर किंवा कमी-जास्त आवळलेला स्क्रू एवढा फरक सहज पाडतात. म्हणून नळी बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसणे, नळी मागे टेकेपर्यंत दाबून धरणे आणि निर्मात्याने सांगितलेल्या क्रमाने व सांगितलेल्याच जोराने टॉर्क पान्याने स्क्रू आवळणे, हा चाचणीचाच भाग समजला पाहिजे. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या नळीची चाचणी घेतली, तर मोजला जातो तो हाताचा अंदाज.

गटाचे मोजमाप

गोळ्यांचा पसारा कोनात सांगतात. एक एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९.१ मिलीमीटर भरतो. एक मिलिरेडियन तिथेच १०० मिलीमीटर भरतो. नेमबाजांत सर्वांत रुळलेले माप म्हणजे गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर. छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून एका छिद्राचा व्यास वजा करतात. कागदातले छिद्र गोळीपेक्षा किंचित लहान पडते, त्यामुळे वजा करायचे ते सुट्या छिद्राचे प्रत्यक्ष माप, गोळीचा छापील व्यास नव्हे. बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून मारण्याच्या, स्पर्धांत लक्ष्यामागे सरकता कागद लावतात. एकाच छिद्रातून दोन गोळ्या गेल्या आहेत, की एक गोळी लक्ष्याबाहेर गेली आहे, हे त्यावरून कळते.

या मापाची अडचण अशी की ते दोनच गोळ्यांवर ठरते आणि बाकीच्यांनी दिलेली माहिती वाया जाते. शिवाय गोळ्या वाढल्या की ते वाढतच जाते. ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे गट सरासरीने २४ मिलीमीटर येतात, तिचेच पाच गोळ्यांचे सुमारे ३१ आणि दहा गोळ्यांचे सुमारे ३८ मिलीमीटर येतील. रायफलीत काहीही बदललेले नसते. तीन गोळ्यांचे पुष्कळ गट मारून त्यातला सर्वांत लहान दाखवला, तर तो रायफलीविषयी नाही, निवडीविषयी सांगतो. पाच गोळ्यांचा गटही आपल्या सरासरीभोवती साधारण एक चतुर्थांशाने खालीवर होतच असतो.

यापेक्षा सरासरी त्रिज्या हे माप कितीतरी प्रामाणिक. सर्व छिद्रांचा मध्य काढायचा आणि प्रत्येक छिद्राचे त्या मध्यापासूनचे अंतर मोजून सरासरी घ्यायची. प्रत्येक गोळी हिशेबात येते आणि गटागटांतली चढउतार कमी होते. अमेरिकेतील अॅबरडीन येथील लष्करी प्रयोगशाळेतले संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६०च्या दशकात नेमबाजांसाठी या मापांची परस्परांशी नाती कोष्टकांत मांडली. आज छिद्रांचे छायाचित्र घेऊन संगणकावर त्यांचे निर्देशांक काढता येतात, त्यामुळे ‘त्रिज्या मोजायला वेळ लागतो’ ही जुनी सबब उरलेली नाही.

गटाबाहेर गेलेली गोळी ‘माझीच चूक’ म्हणून वगळण्याचा मोह आवरला पाहिजे. चाप दाबतानाच, छिद्र पाहण्यापूर्वी, नेमबाजाने चूक बोलून दाखवली असेल तरच ती गोळी बाजूला काढावी.

शून्यावर परतणे

आता मुख्य प्रश्न. नळी काढली, बसवली आणि नवा गट जुन्यापासून ८ मिलीमीटर उजवीकडे पडला. शून्य हलले का?

उत्तर गटाच्या मध्यातच दडलेल्या अनिश्चिततेवर अवलंबून आहे. समजा, रायफलीच्या गोळ्यांचे प्रमाण विचलन (मध्यापासूनच्या पसाऱ्याचे संख्याशास्त्रीय माप) आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांत ७ मिलीमीटर आहे. तिचे १०० मीटरवरचे पाच गोळ्यांचे गट सरासरीने २१ ते २२ मिलीमीटरचे, म्हणजे पाऊण एमओएचे येतील. ही चांगली रायफल झाली. तरीही पाच गोळ्यांच्या गटाचा मध्य खऱ्या मध्यापासून प्रत्येक दिशेत ३ मिलीमीटरच्या आसपास भरकटतो, कारण ७ला पाचाच्या वर्गमुळाने भागावे लागते. दोन गटांच्या मध्यांमधला फरक त्याहून अधिक, सुमारे ४.४ मिलीमीटरने डगमगतो. नळीला हातही न लावता दोन गट मारले, तरी त्यांच्यात ८–९ मिलीमीटरपर्यंतचे अंतर योगायोगाच्या कक्षेत बसते. दुर्बिणीची ०.१ मिलिरेडियनची एक टिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचे एक पाऊल) १०० मीटरवर १० मिलीमीटरची आणि पाव एमओएची टिक ७.३ मिलीमीटरची असते. असा फरक दिसताच टिक फिरवणारा नेमबाज बहुधा योगायोगाचाच पाठलाग करत असतो. उलट बाजूही तितकीच खरी: दोन गट एकमेकांवर तंतोतंत पडले, म्हणून बैठक निर्दोष ठरत नाही.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे अनेकदा बसवणे आणि सोबत नियंत्रण ठेवणे. नळी पाच वेळा काढून बसवावी आणि दर वेळी पाच गोळ्या माराव्यात. त्यांच्यामध्ये आलटूनपालटून तेवढेच गट नळी न काढता मारावेत. मात्र या नियंत्रण गटांपूर्वीही रायफल टेकणावरून उचलून पुन्हा ठेवावी आणि नेमबाजाने जागेवरून उठून परत बसावे. गाल दस्त्यावर वेगळा टेकला, दुर्बिणीत लंबन (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणे) राहिले किंवा मागची पिशवी वेगळी दाबली गेली, तरी गट सरकतो. तो दोष नळीच्या माथी मारणे अन्यायाचे. सगळे नियंत्रण गट आधी आणि सगळे नळी-बदलाचे गट नंतर मारले, तर नळीची उष्णता, आत साचलेला कार्बन आणि नेमबाजाचा थकवा हे सारे दुसऱ्या बाजूच्या खात्यात जाते. म्हणून आलटूनपालटूनच मारावेत.

मग दोन्ही प्रकारच्या गटांच्या मध्यांचा पसारा वेगवेगळा काढायचा. वरच्या उदाहरणात नियंत्रण मध्यांचे विचलन ३.५ आणि नळी-बदलाच्या मध्यांचे ८ मिलीमीटर आले, तर वर्गांची वजाबाकी करून बैठकीचा स्वतःचा वाटा सुमारे ७ मिलीमीटर निघतो. रायफल मुळात जितकी पसरते, तितकाच गोंधळ नळी बसवण्याने तिच्यात भरला असा याचा अर्थ. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर या चाचणीच्या बारकाईपुरती बैठक भरवशाची. पाच बसवण्यांवर काढलेला हा अंदाजही ढोबळच असतो आणि अहवालात तसे लिहावे.

याच्या जोडीला अ-ब-अ पद्धतीची चाचणी हवी. एका काडतुसाची नळी, मग दुसऱ्या काडतुसाची, पुन्हा पहिली. दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर प्रत्येक नळीचे शून्य वेगळे असणार, ते स्वाभाविक आहे. दुसरी नळी पहिलीपेक्षा ०.४ मिलिरेडियन खाली आणि ०.२ उजवीकडे मारते, अशी नोंद नळीच्या क्रमांकासह ठेवली की नळी बदलताच दुर्बिणीवर तेवढा फरक लावता येतो. पाहायचे ते इतकेच की हा फरक दर वेळी तेवढाच येतो का. ब्लेझरच्या रायफलींत आणि १९६७च्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडर पिस्तुलात दुर्बीण नळीवरच बसते. अशा रचनेत नळी आणि दुर्बीण एकत्र निघतात, म्हणून नळीच्या बैठकीतल्या सूक्ष्म कलाचा शून्यावर फार कमी परिणाम होतो. तिथे चाचणी घ्यायची ती दुर्बिणीच्या काढता येणाऱ्या पकडीची.

टेकण, दुर्बीण, वेग

माणसाला चाचणीतून वगळण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकन डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकालात काँक्रीटच्या स्तंभावर जड नळ्या टेकवून गोळ्यांच्या पसाऱ्याची कारणे शोधली आणि १९०९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारूगोळा तपासणीच्या जड नळीला आजही त्यांचे नाव आहे. .२२ रिमफायर या लहान काडतुसाच्या चाचणीत ५० मीटरवर रायफल शिकंज्यात धरून काडतुसांचे वेगवेगळे उत्पादन-संच तपासतात. आंतरराष्ट्रीय ५० मीटर लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ केवळ १०.४ मिलीमीटरचे असल्याने तो खटाटोप सार्थ ठरतो. नळी-बदल रायफलीसाठी मात्र शिकंजा जपून वापरावा. बैठकीच्या जवळ पकडले की बैठकीवरचा ताण बदलतो आणि जे मोजायचे तेच बिघडते. पुढे भक्कम टेकण आणि मागे वाळूची पिशवी यांवर शांतपणे मारणारा सरावलेला माणूस इथे अधिक उपयोगाचा.

दुर्बिणीची स्वतंत्र परीक्षा आधी उरकावी. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेष मारून टिकांनी नेम वर नेत जावे आणि शून्यावर परतावे. दुर्बीणच परतत नसेल तर नळीची चाचणी व्यर्थ.

गोळीचा वेग मोजायला डॉप्लर रडार उत्तम, कारण ते रायफलीला स्पर्श करत नाही. नळीला बांधायचा वेगमापक नळीची कंपने बदलतो आणि गट हलवतो, म्हणून वेग आणि गट एकाच वेळी त्याने मोजू नयेत. १०० मीटरवर वेगातला फरक दिसत नाही. १००० मीटरच्या पल्ल्यावर सेकंदाला १० मीटरचा फरक गोळी वीतभर किंवा त्याहून अधिक वर-खाली नेतो. बैठकीचा प्रश्न १०० मीटरवर सोडवावा, तिथे वारा कमी बोलतो. काडतुसाचा प्रश्न लांबवर तपासावा.

नळ्यांची तुलना

एकाच रायफलीच्या दोन नळ्यांची तुलना करताना प्रत्येक नळीला तिला रुचणारे काडतूस एकाच उत्पादन-संचातून द्यावे आणि दोन्हींतून सारख्याच संख्येने गोळ्या माराव्यात. .३०८ आणि .३३८ यांच्या गटांत फरक आला तर त्यात धक्क्याचाही वाटा असतो. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने नेमबाज बिचकतो आणि दोष नळीला लागतो. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या आणि थंड नळीची पहिली गोळी वेगळी पडू शकते. त्या लपवू नयेत, वेगळ्या कागदावर मारून वेगळ्या नोंदवाव्यात. शिकाऱ्याला प्रत्यक्षात बहुधा तीच एक गोळी मिळते, तेव्हा त्याच्या दृष्टीने हा कागद बाकी सर्वांहून मोलाचा.

मॅग्नम (जादा दारूच्या) काडतुसांच्या नळ्यांचा गळा, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा भाग, .३०८पेक्षा फार लवकर झिजतो, त्यामुळे एकाच संचातल्या नळ्या वेगवेगळ्या वयाच्या होत जातात. प्रत्येक नळीची झाडलेल्या गोळ्यांची मोजदाद स्वतंत्र ठेवावी लागते, आणि नवी नळी आली की तिचे मापक, तिचे शून्य आणि तिची बसवून पाहण्याची चाचणी पहिल्यापासून करावी लागते. जुन्या नळीचे आकडे तिला लागू होत नाहीत.