ऑनलाइन वाचक मोजायला शिकवणारी कार्यशाळा : सोलापूरच्या वाचनालयांनी अर्ज कसा करावा

देवघेवीचं रजिस्टर आपण चोख ठेवतो. संकेतस्थळावरचा आकडा विचारला, की मात्र ‘एकूण भेटी’ दाखवून मोकळे होतो. त्या भेटींत काउंटरवरचा आपलाच संगणक असतो, सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्रामही असतात. त्यातून खरे वाचक वेगळे मोजायला शिकवणारी कार्यशाळा भरवायची असेल, तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनेत चर्चासत्र, कार्यशाळा, प्रशिक्षण वर्ग यांसाठी अर्थसहाय्य आहे. 1972 साली स्थापन झालेली ही केंद्राची संस्था. ‘असमान’ म्हणजे यात राज्याचा वाटा लागत नाही.

अर्ज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाला करता येतो. अ, ब, क, ड यांपैकी वर्ग कोणता, हे मान्यता आदेशात पाहा. अभ्यासिका चालवणारं मंडळ मान्यता नसताना अर्ज करायला गेलं, तर हेलपाटाच.

राज्याचं ग्रंथालय संचालनालय अर्ज मागवल्याचं जाहीर करतं, मुदत त्यात दिलेली असते. नमुना प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. प्रस्ताव थेट कोलकात्याला धाडायचा नाही; सोलापूरच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चार प्रतींत द्यायचा, आणि तोही इंग्रजी किंवा हिंदीत. आमचा पहिला मसुदा अस्सल मराठीत होता. पुन्हा सगळं टाइप करण्यात दोन रात्री गेल्या.

सोबत मान्यता आदेश, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, कार्यकारिणीचा ठराव आणि खर्चाचं अंदाजपत्रक तयार ठेवा. जाहिरातीत आणखी काही मागितलं असेल तर तेही जोडा.

प्रस्तावाचा जीव मात्र विषयपत्रिकेत असतो. ‘डिजिटल युगातील ग्रंथालये’ असं मोघम लिहू नका. कोणता आकडा कसा मोजायला शिकवणार ते लिहा. उदाहरणार्थ, ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं अशा ई-साधनांचा वापर मोजण्यासाठी जगभर ‘काउंटर’ (COUNTER) नावाची नियमावली वापरतात. वाचकानं तोच दुवा 30 सेकंदांच्या आत दोनदा दाबला, तर ती एकच मागणी धरतात. नुसती माहिती पाहणं वेगळं, पुस्तक प्रत्यक्ष उघडणं वेगळं. आपल्याकडची खरी अडचण मात्र अभ्यासिकेत आहे. एकाच संगणकावर दिवसभरात एमपीएससीची दहा मुलं बसतात आणि संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्सला तो एकच वापरकर्ता दिसतो. तिथं कागदावर सही घेणं हाच उपाय, आणि ते सांगायला लाजू नका. कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर वापरत असाल आणि कॅटलॉगमध्ये काय शोधलं, काय सापडलं नाही याचा अहवाल निघत असेल, तर तोही सत्रात घ्या. अक्कलकोटला कानडी आणि सोलापूर शहरात तेलुगू पुस्तकं किती शोधली जातात, हे त्यातूनच कळेल. वाचकाचं नाव आणि मोबाइल नंबर त्या तक्त्यात नको. मोजणी वापराची आहे, माणसाची नव्हे.

तारीख ठरवताना सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आणि पंढरपूरला आषाढी टाळा; ना हॉल मिळतो, ना माणसं.

निधी मिळाल्यावर पावत्या, हजेरीपट आणि पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यावं लागतं. प्रस्ताव देताना स्वतःसाठी पाचवी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.