बालहक्कांची राष्ट्रीय संरक्षण व्यवस्था

मुलांचे हक्क जपण्यासाठी एखादा देश जे कायदे, खाती, न्यायालये, निधी, प्रशिक्षित माणसे आणि देखरेखीची यंत्रणा उभी करतो, त्या सगळ्यांचे मिळून बनलेले जाळे म्हणजे बालहक्कांची राष्ट्रीय संरक्षण व्यवस्था. तिला दोन अंगे असतात. पहिले संरक्षणाचे : मारहाण, लैंगिक अत्याचार, तस्करी, बालमजुरी, बालविवाह किंवा घरातली हेळसांड यांतून एखाद्या मुलाला सोडवणे आणि त्याला पुन्हा उभे करणे. दुसरे कारभाराचे : सर्वच मुलांसाठी कायदा नीट आहे का, पैसा पोहोचतो का, आकडेवारी ठेवली जाते का आणि सरकारला जाब विचारणारे कोणी आहे का, हे पाहणे. पहिल्या अंगाकडे लोकांचे लक्ष चटकन जाते, कारण तिथे समोर एक रडणारे मूल असते. दुसरे अंग कागदी वाटते आणि म्हणूनच बहुतेक देशांत तेच कच्चे राहिले आहे.

पार्श्वभूमी : मुलांच्या हक्कांची पहिली आंतरराष्ट्रीय जाहीरनामावजा मांडणी इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब यांच्या प्रयत्नांतून झाली. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या मुलांसाठी त्या काम करत होत्या. त्यांनी तयार केलेला मसुदा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनीव्हात स्वीकारला. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आला, पण तोही बंधनकारक नव्हता. १९७८ मध्ये पोलंडने करार करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यानंतर दहा-अकरा वर्षे कलमावर कलम घासूनपुसून २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर झाली. २ सप्टेंबर १९९० पासून ती अमलात आहे. आज १९६ पक्षांनी ती मान्य केली आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, आजतागायत दिलेले नाही.

या संहितेतील कलम ४ राष्ट्रीय व्यवस्थेचा पाया मानले जाते. हक्क प्रत्यक्षात यावेत म्हणून राज्यांनी कायदेशीर, प्रशासकीय व इतर सर्व उपाय करावेत आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांसाठी हाती असलेली साधनसंपत्ती कमाल मर्यादेपर्यंत वापरावी, असे ते सांगते. ‘इतर सर्व उपाय’ म्हणजे नेमके काय, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००३ मध्ये आपल्या पाचव्या सामान्य टिप्पणीत, म्हणजे संहितेचा अर्थ लावणाऱ्या दस्तऐवजात, उलगडले. ही समिती १८ तज्ज्ञांची असते. करार मान्य केल्यावर दोन वर्षांत पहिला आणि पुढे दर पाच वर्षांनी एक असे अहवाल देशांनी तिला द्यायचे असतात. स्वयंसेवी संस्थाही समांतर अहवाल पाठवतात. सरकारी अहवालात जे गुळगुळीत दिसते त्याची खरी खडबडीत बाजू बहुधा याच पानांत सापडते.

योजनेकडून व्यवस्थेकडे : २००० च्या आसपासपर्यंत मुलांसाठीचे काम प्रश्नवार वाटलेले असे. रस्त्यावरच्या मुलांसाठी एक प्रकल्प, बालमजुरांसाठी दुसरा, एचआयव्हीमुळे अनाथ झालेल्यांसाठी तिसरा. पण लग्न टाळण्यासाठी घरातून पळालेली, दलालाच्या हाती लागलेली आणि शेवटी कुणाच्या तरी घरी भांडी घासणारी तेरा वर्षांची मुलगी कोणत्या खात्यात बसवायची? प्रत्येक योजनेला तिचा एकेक तुकडा दिसे, अख्खी मुलगी कुणालाच दिसत नसे. युनिसेफच्या २००८ च्या बालसंरक्षण धोरणात ‘व्यवस्था बळकट करणे’ हे मध्यवर्ती सूत्र झाले. २०१२ च्या नोव्हेंबरात नवी दिल्लीत याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली.

कायदा : संहिता देशी कायद्यात आणण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. नॉर्वेने २००३ मध्ये आणि स्वीडनने १ जानेवारी २०२० पासून ती थेट देशांतर्गत कायदा म्हणून लागू केली. भारताने २००५ मध्ये बालहक्क संरक्षण आयोगांचा कायदा केला आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्यांची तरतूद ठेवली. ब्राझीलचे उदाहरण मात्र सर्वांत रंजक आहे. १९८८ च्या राज्यघटनेने मुलांच्या हक्कांना ‘संपूर्ण अग्रक्रम’ दिला आणि १९९० च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिका क्षेत्रात पाच सदस्यांचे पालकत्व मंडळ आणले. या मंडळाचे सदस्य स्थानिक रहिवासी मतदानाने निवडतात. मुलांच्या संरक्षणाचा पहिला निर्णय न्यायाधीशाऐवजी शेजारपाजारच्या निवडून आलेल्या माणसांकडे देणे हे धाडसच होते. त्याची दुसरी बाजूही आहे : निवडणूक आली की राजकीय आणि धार्मिक गटांची ओढाताणही आली.

सांधे : कायदे करणे त्या मानाने सोपे. व्यवस्था मोडते ती दोन कार्यालयांमधल्या सांध्यात. याचा सर्वांत सविस्तर पुरावा ब्रिटनमधला आहे. २००० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये आठ वर्षांची एक मुलगी नातेवाईक बाई व तिच्या साथीदाराच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००३ मध्ये आला. चार सामाजिक सेवा विभाग, दोन रुग्णालये आणि पोलिसांची बालसंरक्षण पथके यांच्या नजरेखालून ती मुलगी गेली होती. तिला वाचवता आले असते असे किमान बारा प्रसंग समितीने मोजून दाखवले. कायदा होता, माणसे होती, कार्यालये होती. फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होती आणि प्रत्येक टेबलाला वाटत होते की पुढचे टेबल बघेल. या अहवालाच्या पाठोपाठ इंग्लंडमध्ये २००४ चा बालक कायदा झाला. त्याने स्थानिक पातळीवर वेगवेगळ्या खात्यांवर एकमेकांशी सहकार्य करण्याचे बंधन घातले.

सांधा जुळवण्याचा एक नमुना आइसलँडमध्ये १९९८ मध्ये सुरू झाला. त्याला ‘बार्नाहुस’, म्हणजे मुलांचे घर, म्हणतात. अत्याचार झालेल्या मुलाला पोलीस ठाणे, रुग्णालय, कल्याण खाते आणि न्यायालय अशा चार ठिकाणी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. दर वेळी जखम उघडी होते, आणि तपशीलही थोडे बदलत गेल्याने खटला कमकुवत होतो. बार्नाहुसमध्ये मूल साध्या घरासारख्या खोलीत एका प्रशिक्षित मुलाखतकाराशी बोलते. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचा वकील, पोलीस आणि कल्याण अधिकारी दुसऱ्या खोलीत पडद्यावर ती मुलाखत पाहतात. त्यांना काही विचारायचे असेल तर ते मुलाखतकारामार्फत विचारले जाते. ध्वनिचित्रमुद्रण पुरावा म्हणून वापरता येते. वैद्यकीय तपासणी व उपचार त्याच छताखाली होतात. मूल जागेवर राहते, खाती त्याच्याकडे येतात. उत्तर युरोपात आणि पुढे इतरत्र ही पद्धत पसरली. अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९८५ मध्ये सुरू झालेले केंद्र हे तिचे पूर्वरूप.

जन्मनोंद आणि वय : राज्याला जे मूल माहीतच नाही त्याचे रक्षण ते करणार कसे? संहितेतील कलम ७ जन्मताच नोंदणीचा हक्क देते. युनिसेफच्या २०२४ च्या आढाव्यानुसार पाच वर्षांखालील सुमारे ७७ टक्के मुलांची जन्मनोंद झाली आहे, तरीही जवळपास १५ कोटी मुले नोंदीबाहेर आहेत. याचा परिणाम न्यायालयात उघडा पडतो. दाखला नसलेला मुलगा सतरा वर्षांचा की एकोणीस, हे ठरवायला मनगटाचे आणि दातांचे एक्स-रे काढले जातात. त्यांतून येते ती अंदाजी वयाची एक पट्टी. नेमके वय कळत नाही. त्या पट्टीच्या कोणत्या टोकाला बोट ठेवले जाते यावर बालन्यायालय की प्रौढांचा तुरुंग हे ठरते. बालविवाह आणि सैन्यातील भरती या बाबतीतही दाखल्याचा तो एक कागद कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त काम करतो.

स्वतंत्र देखरेख : सरकारच्या कामावर सरकारनेच शेरा मारायचा नसतो. नॉर्वेने १९८१ मध्ये जगातला पहिला बाल लोकपाल नेमला, म्हणजे संहितेच्याही आठ वर्षे आधी. आता अनेक देशांत बाल लोकपाल, बालआयुक्त किंवा बालहक्क आयोग आहेत. त्यांच्या स्वातंत्र्याची कसोटी १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या पॅरिस तत्त्वांवर लावली जाते. व्यवहारात तीन साध्या गोष्टी पाहाव्यात : नेमणूक कोण करते, पगार कोण देते, आणि दहा वर्षांचे मूल मोठ्यांच्या मदतीशिवाय तिथवर पोहोचू शकते का. देशातले मार्ग संपल्यावर थेट बालहक्क समितीकडे तक्रार नेण्याची सोय संहितेच्या तिसऱ्या ऐच्छिक प्रोटोकॉलने (पुरवणी कराराने) १४ एप्रिल २०१४ पासून झाली आहे, पण ती फक्त तो मान्य केलेल्या देशांपुरती.

पैसा : मुलांवरचा खर्च शिक्षण, आरोग्य, पोषण, गृह, न्याय अशा डझनभर खात्यांत विखुरलेला असतो. तो एकत्र दिसावा म्हणून काही देश ‘बाल अर्थसंकल्प’ काढतात. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पात असे स्वतंत्र विवरणपत्र २००८-०९ पासून येते. बालहक्क समितीने २०१६ मध्ये एकोणिसाव्या सामान्य टिप्पणीत या विषयाचे सविस्तर मार्गदर्शन केले. अशा विवरणात शाळा आणि पोषण यांचे आकडे भरघोस दिसतात, संरक्षणाचा रकाना मात्र बारीक असतो. परदेशी मदतीवर उभ्या व्यवस्थांचे दुखणे आणखी वेगळे. प्रकल्पाची मुदत संपली की समाजसेवक घरी जातात आणि कपाटात उरतात त्या अर्ध्यावर थांबलेल्या केसफाइली.

संस्थांतून कुटुंबाकडे : बळकट व्यवस्था म्हणजे अधिक अनाथालये, हा समज रोमानियाने महागात पाडून घेतला. तिथे १९६६ पासून गर्भपातबंदी होती आणि नको असलेली मुले राज्याच्या संस्थांत टाकली जात. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथल्या एक लाखाहून अधिक मुलांची अवस्था जगासमोर आली. पोटाला मिळूनही, जवळ घेणारे कोणी नसल्याने, मुले वाढीत मागे पडल्याचे पुढच्या संशोधनात दिसले. २००४ च्या कायद्याने, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, दोन वर्षांखालील बाळांना संस्थेत ठेवण्यास बंदी घातली. पर्यायी संगोपनाबाबतची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. आधी स्वतःचे कुटुंब, मग नातेवाईक, मग प्रतिपालक (दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणारे कुटुंब) आणि संस्था अगदी गरज असेल तेव्हाच, हा त्यांचा रोख आहे. बहुतेक समाजांत आजी, मामा, काका हे काम कोणत्याही कायद्याशिवाय करत आलेच आहेत. त्यांना अनुदान आणि कायदेशीर ओळख देणे हे नवी इमारत बांधण्यापेक्षा स्वस्त पडते. पण इमारतीचे उद्घाटन करता येते, मामाचे नाही.

आक्षेप : व्यवस्था दुबळी असणे जितके घातक, तितकेच तिचे हात नको तिथे पोहोचणेही. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना ‘त्यांच्या भल्यासाठी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आईबापांपासून तोडले गेले. १९९७ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. बाल लोकपाल पहिल्यांदा नेमणाऱ्या नॉर्वेलाही हा दोष चुकला नाही. प्रतिपालकाकडे दिलेल्या मुलाला आईपासून कायमचे तोडून दत्तक देण्याच्या एका प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने १० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेला कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या भंगाबद्दल दोषी ठरवले. मूल आणि आई यांना भेटीगाठी फार थोड्या दिल्या आणि त्या थोड्या भेटींच्याच आधारे आईला अपात्र ठरवले, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्यानंतर २०२० च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कुटुंब पुन्हा एकत्र आणण्याचे उद्दिष्ट बालकल्याण सेवेने सहजासहजी सोडू नये आणि भेटींचे प्रमाण त्या उद्दिष्टाला धरून ठरवावे, असे सांगितले.